‘जिन्याखाली’चा पाचवा भाग

माझ्या धाकट्या भावाने आजवर अकरा सिनेमे काढले आणि त्यातला एकही पहिला नाही. पहिला नेहमी दुसऱ्या कुणाचा असायचा. तो थिएटरात लागायचा, लोक किंचाळायचे, बाहेर पडून नातेवाइकांना सांगायचे. मग काढणाऱ्याची उमेद संपली, की आमचे साहेब त्या नावाचे हक्क उचलायचे आणि दुसरा, तिसरा, चौथा भाग धाकट्याच्या गळ्यात यायचा. नऊ दिवसांत उरकायचा आणि थेट कॅसेटवर काढायचा. थिएटरचं तोंड त्या सिनेमांनी बघायचं नाही आणि थिएटरने त्यांचं. पाठीमागे सगळे जण साहेबांना ‘पुढचा भाग’ म्हणत. त्यांना ते ठाऊक होतं, आणि माझ्या अंदाजाने आवडतही होतं.

मी या कारखान्यातली वहीवाली. सिनेमा तुकड्यातुकड्यांत घेतात. सोमवारच्या तुकड्यात बाईच्या स्वेटरचं वरचं बटण उघडं असेल, तर गुरुवारी घेतलेल्या पुढच्या तुकड्यातही ते उघडंच लागतं. कप कुठल्या हातात, दार किती उघडं, बादलीत पाणी कुठवर, हे सगळं लिहून ठेवणं हे माझं काम. सव्वीस वर्षं केलं. या कामाने नजर बिघडते. कुणी घरी आलं की मी आधी त्याची बटणं बघते, मग तोंड. ‘काल तू असं म्हणाली होतीस’ हे वाक्य माझ्या नवऱ्याने लग्नाच्या दुसऱ्या वर्षीच सोडून दिलं, कारण काल कोण काय म्हणालं आणि कुठे उभं राहून म्हणालं, ते मी सांगू शकते.

तर धाकटा बावन्न वर्षांचा झाला त्या वर्षी भावजयीने त्याला कोंडीत पकडलं. तिच्या भावाचं फरश्यांचं दुकान आहे. तिथे गल्ल्याशेजारची एक खुर्ची तीन वर्षं धाकट्यासाठी रिकामी ठेवलेली होती. मेव्हण्याने तिच्यावर गादीसुद्धा घातली होती. दर महिन्याला भावजय त्या खुर्चीचा विषय काढायची आणि दर महिन्याला धाकटा म्हणायचा, एवढा एक भाग होऊ दे.

‘जिन्याखाली’चा पाचवा भाग पुरा झाला तेव्हा तो स्वतःच म्हणाला, “हा थिएटरला लागला तर मी यातच राहणार. नाही लागला तर एक तारखेला दुकानात.”

भावजय माझ्याकडे वळली. “वन्सं, तुम्ही साक्षीदार. वहीत लिहून ठेवा.”

“माझ्या वहीत खोटी माणसं असतात गं.”

“मग हे त्यातलेच,” ती म्हणाली आणि कांदा चिरायला लागली.

तो असं का बोलून बसला, ते मला माहीत होतं. पाचवा भाग चांगला झाला होता. आमच्याकडे अशी चूक सहसा होत नाही.

झालं असं. मूळ ‘जिन्याखाली’त एका जुन्या इमारतीच्या जिन्याखाली काहीतरी राहतं आणि वरून जाणाऱ्यांना ओढून नेतं. पहिल्या भागात ते अख्खं होतं, रबरी अंगरख्याचं, माणसाएवढं. चार भागांत माणसं ओढून ओढून तो अंगरखा फाटला आणि पाचव्यापर्यंत एक हात तेवढा शाबूत राहिला. इमारतही तशीच आटली होती. शूटिंगच्या शेडमध्ये आम्ही नऊ पायऱ्या बांधल्या होत्या. त्यांच्यावर चढून गेलं की पत्रा डोक्याला लागायचा.

नटीही अशीच हाती लागलेली. पहिल्या भागात सातव्या मिनिटाला मरणारी एक तरुण मुलगी होती, तीच. आता पन्नाशीची. गार शेडमध्ये नऊ दिवस यायला दुसरी कुणी तयार नव्हती. पहिल्या भागात मेलेली बाई पाचव्यात कशी, असं कुणी विचारलं नाही. पुढच्या भागांत मरण कुणालाच चिकटत नाही. तिला जिना पुसणाऱ्या बाईचं काम दिलं होतं आणि सगळे तिला जिनेवाली म्हणायला लागले.

तिसऱ्या दिवशी भुताला मारणारा नायक साबणाच्या जाहिरातीसाठी पळून गेला. सहा दिवस हातात आणि गोष्टीला शेवट नाही. धाकटा दुपारी जिनेवालीसमोर डबा उघडून बसला. दोघं पुष्कळ वेळ काही बोलले नाहीत. मग तो म्हणाला, “तुम्हाला माहीतच असेल ना, खाली ते आहे? रोज पुसता तुम्ही जिना.”

“माहीत असणारच की,” ती म्हणाली. “पण घरी जाऊन तरी मी कुणाशी बोलणार?”

त्या एका वाक्यावर त्याने उरलेला सिनेमा काढला. सगळे भाडेकरू घाबरून घर सोडतात. ही एकटी राहते. पायरीवर बसून खालच्याला दिवसभराच्या बातम्या सांगते, कोण गेलं, कोणाचं कपाट दारातून निघालं नाही. मी लिहीत होते, ‘स्वेटर राखाडी, वरचं बटण उघडं, फडका डाव्या’ आणि माझ्या लक्षात आलं की पेन थांबलंय. सव्वीस वर्षांत ते दोनदा थांबलं. पहिल्यांदा शाई संपली होती.

साहेबांनी सिनेमा बघितला. बघून झाल्यावर डोळ्यांवरून रुमाल फिरवला आणि म्हणाले, “चांगला झालाय. तोच त्याचा दोष.”

“म्हणजे?” धाकट्याने विचारलं.

“अरे, कॅसेट लोक घरी बघतात. मध्येच दार वाजतं, कुणी पोराला भरवतं, कुणी फोन घेतं. परत येऊन बसले की हात दिसला पाहिजे. हात दिसला की कळतं, सिनेमा चालू आहे. म्हणून आपला नियम काय? दर आठ मिनिटांनी हात.”

“आहे की हात. दर आठ मिनिटांनी आहे. मोजून टाकलाय.”

“आहे, पण तुझी बाई बोलायला लागली की माणूस हात विसरतो.” त्यांनी हे असं सांगितलं, जणू डॉक्टर अहवाल वाचून दाखवतोय.

थिएटरची वाट मात्र अनपेक्षितपणे उघडली. आमच्या शेडपासून पंधरा मिनिटांवर एक जुनं थिएटर होतं. एक बाई ते चालवायच्या, वडिलांकडून आलेलं. तिथला ऑपरेटर त्यांना मॅडम म्हणायचा, म्हणून आम्हीही. त्यांच्याकडे लागणारा मोठा सिनेमा एक आठवडा पुढे ढकलला गेला आणि सात दिवस पडदा रिकामा पडणार होता. धाकटा तीनदा जाऊन बसला, चौथ्यांदा त्यांनी विचारलं, “प्रिंट आहे का?” तो हो म्हणाला. नव्हती. पण प्रिंटा काढणारा लॅबवाला साहेबांचा व्याही निघाला आणि नव्या सुनेच्या कौतुकात एक प्रिंट निघाली. साहेबांची अट एकच, की कॅसेट ठरल्या दिवशी बाजारात येणार. मॅडमची अट एकच, की आधी मी बघणार.

बुधवारी सकाळी अकराला त्या बघणार होत्या. आम्ही दहालाच पोचलो. धाकट्याने इस्त्रीचा शर्ट घातला होता, चौथं बटण वेगळ्या रंगाचं. ऑपरेटर साठीचा, कानात कापूस. मशीनच्या खोलीत त्याने पहिलं रीळ चढवलं, खिडकीतून पडद्याकडे बघितलं, मशीन बंद केलं आणि सरळ आवाजात विचारलं, “बाई, हिचं डोकं ठेवू की पाय?”

मला कळेना. मग त्याने समजावलं. टीव्हीचं चित्र जवळजवळ चौकोनी. थिएटरचा पडदा आडवा, लांबट. चौकोनी चित्र त्यावर टाकलं की वरची नाहीतर खालची पट्टी कापली जाते. थिएटरसाठी सिनेमा काढणारा नवशिक्यासुद्धा चित्र घेताना वर-खाली रिकामी जागा सोडतो. आम्ही अकरा सिनेमे काठोकाठ भरत आलो होतो. आमचा कॅमेरावाला तर अभिमानाने म्हणायचा, फुकट मिळालेला कोपरा मी सोडत नाही. आणि ‘जिन्याखाली’त तर काय, वर पायरीवर बसलेली बाई आणि खाली जिन्याच्या फटीतून येणारा हात. बाईचं डोकं वरच्या कडेला टेकलेलं, हाताची बोटं खालच्या कडेला. अगदी टीव्हीच्या मापाचं.

“जुन्या चौकोनी सिनेमांचं भिंग असेल ना तुमच्याकडे?” धाकटा म्हणाला. आवाज बारीक झाला होता.

“होतं. नवा पडदा बसवला तेव्हा जुन्या खुर्च्यांबरोबर भंगारात गेलं.”

“मग?”

ऑपरेटरने मशीनच्या बाजूची बोटभर मूठ दाखवली. “ही फिरवली की चित्र वर-खाली सरकतं. डोकं पाहिजे तर डोकं, पाय पाहिजेत तर पाय. दोन्ही नाही.”

धाकटा भिंतीला टेकून उभा राहिला. अकरा सिनेमे काढलेला माणूस, आणि थिएटरचा पडदा आडवा असतो हे तो विसरला होता. मीही विसरले होते. आम्ही सगळेच. ज्या घरी जायचंच नाही, त्याचं दार केवढं हे कोण लक्षात ठेवतो?

मग त्याची नजर माझ्या पिशवीवर गेली. “ताई, तुझी वही.”

वहीत होतं. एडिटिंग झाल्यावर कुठल्या तुकड्यानंतर कुठला, याची यादी माझ्याच अक्षरात होती. चारशे बारा तुकडे. त्यातल्या दहा तुकड्यांत हात.

“तू इथे बस,” तो म्हणाला. “हाताचा तुकडा आला की यांना सांग ‘खाली’. हात गेला की ‘वर’. जमेल ना दादा?”

“मूठ फिरवायला काय जातंय,” ऑपरेटर म्हणाला. “पण असला खेळ मी आजवर केलेला नाही. आमचं चित्र एका जागी बसतं.”

अकराला मॅडम आल्या. मधल्या रांगेत बसल्या, चपला काढल्या, पाय पुढच्या खुर्चीवर टाकले. त्यांचंच थिएटर. धाकटा शेवटच्या रांगेत. मी मशीनशेजारी स्टुलावर, मांडीवर वही, बोट यादीवर. डॉक्टर ऑपरेशनच्या आधी हात धुतात तसे ऑपरेटरने हात पुसले.

पहिला हात आला. “खाली,” मी म्हणाले. चित्र सरकलं, जिनेवालीचं कपाळ गेलं, डोळे गेले आणि फटीतून हात निघाला. “वर.” डोळे परत आले. जमलं. दुसरा हात, खाली, वर. तिसराही. प्रत्येक वेळी पडदा क्षणभर हलायचा, कुणीतरी टेबल सरकवल्यासारखा.

भिंतीवरचा फोन वाजला. ऑपरेटरने उचलून माझ्या हातात दिला. मॅडमच्या खुर्चीशेजारी खाली दुसरा फोन होता.

“अहो, हे चित्र वाकून काय बघतंय?” मॅडम म्हणाल्या. “ते वाकलं की मला कळतं, आता हात येणार. भूत आधी कळवून येतं का? आणि ती बाई इतकं छान बोलत असते, तुम्ही तिचं डोकंच उडवता. पुन्हा असं झालं तर मी चहाला जाईन.”

फोन ठेवला. यादीत पुढचा हात चौदा तुकड्यांवर होता.

माझ्या कामाबद्दल एक सांगायला हवं. मी काहीच ठरवत नाही. बटण उघडं हे मी ठरवत नाही, उघडं आहे एवढं लिहिते. सव्वीस वर्षांत एका कपाची जागाही मी माझ्या मनाने हलवली नव्हती. कंटाळा आला, पाय सुजले, डायरेक्टर मूर्ख निघाला, तरी लिहिलं. त्यातच माझी सुटका होती. चुकलं तर ते दुसऱ्याचं.

तीन तुकडे उरले. दोन. ऑपरेटरने मुठीवर हात ठेवला आणि माझ्याकडे बघितलं.

“वरच राहू दे,” मी म्हणाले.

“हात?”

“असू दे खाली.”

जिनेवाली पायरीवर बसून खालच्याला सांगत होती की तिसऱ्या मजल्यावरचे म्हातारे गेले आणि त्यांच्या मुलीने फुलदाणी मागे ठेवली. बोलता बोलता ती खाली बघून हसली. खाली काय, ते दिसलं नाही. हाताबरोबर वाजणारा ढोल येणार म्हणताच ऑपरेटरने मला न विचारता आवाज उतरवला.

त्यानंतर हातांचे चार तुकडे गेले. पाचव्याला आमच्या खोलीच्या जिन्यावर धाडधाड पावलं वाजली आणि धाकटा आत घुसला.

“ताई, हात कुठाय?”

“खाली. असतो तिथेच.”

“मग दाखव ना!”

“दाखवला की मॅडम चहाला जातात.”

“जाऊ दे! अगं हाताशिवाय ही बाई वेडी वाटते! एकटीच बडबडत बसलीय जिन्यावर!”

“हळू बोला,” ऑपरेटर म्हणाला, “मशीनला त्रास होतो.” मशीन तर आम्हा तिघांपेक्षा मोठ्याने ओरडत होतं.

“माझा सिनेमा आहे हा,” धाकटा म्हणाला. त्याने मुठीकडे हात नेला. मी वही मध्ये घातली. लहानपणी तो माझ्या ताटातलं उचलायला यायचा तेव्हा मी असंच काहीतरी मध्ये घालायचे. तेव्हा तो रडायचा. आता नुसता उभा राहिला.

“शेवटचं रीळ आहे,” मी म्हणाले. “एवढं बघ. नाही पटलं तर उद्यापासून मी तोंड उघडणार नाही.”

दोघांनी त्या वीतभर खिडकीला डोकं लावलं. शेवटचा प्रसंग सुरू होता. इमारत विकली गेलीय, उद्या माणसं येऊन जिना फोडणार आहेत. जिनेवाली दुसऱ्या पायरीवर बसलीय. बादली नाही, फडका नाही. “मला मुलगी घेऊन जाणार आहे,” ती खाली बघून सांगते. “तिच्याकडे लिफ्ट आहे. तू कुठे जाशील?” मग जरा अंग चोरते, पाय एका बाजूला घेते, कुणाला तरी बसायला जागा करून द्यावी तशी. कॅसेटवर इथे तो हात येऊन तिचा घोटा धरतो आणि ढोल वाजतो. पडद्यावर फक्त तिचा चेहरा होता, भिंतीएवढा. ती कुणीतरी शेजारी येऊन बसल्यासारखी बघत होती. मग अंधार झाला आणि नावं सुरू झाली.

धाकट्याचा श्वास खिडकीच्या काचेवर उमटत होता.

“हे असं मी नव्हतं काढलं,” तो म्हणाला.

“पाय बाजूला घ्यायला तूच सांगितलंस तिला. पाचवा टेक. लिहिलंय माझ्याकडे.”

“हाताला जागा पाहिजे म्हणून सांगितलं होतं गं.”

यावर माझ्या वहीत काही नव्हतं.

मॅडम स्वतःच वर आल्या, चपला हातात घेऊन. धापा टाकत म्हणाल्या, “घेते. शुक्रवारपासून सात दिवस, बारा आणि तीनचे खेळ. फक्त पाटीवर ‘पाचवा’ लिहायचं नाही. पाचवा म्हटलं की लोक विचारतात आधीचे चार कुठे गेले.” मग त्या धाकट्याकडे वळल्या. “एक सांगा. सुरुवातीला तो रबरी हात दाखवलात, तो सोडून द्या. नंतर तिथे खाली काय होतं?”

त्या हाताला नखं चिकटवायला धाकट्याने एक अख्खी दुपार घालवली होती. एकेक नख वेगळं रंगवलं होतं. ते मला माहीत आहे, कारण सगळ्या नखांचे रंग मी लिहून घेतले होते.

“काहीच नव्हतं,” तो म्हणाला.

“थापा मारू नका. काहीतरी होतं.” त्यांनी चपला घातल्या. “पण मला सांगूही नका. आणि ते पहिले तीनही तुमच्या बहिणीला सांगून झाकून टाका.”

साहेबांना कळलं तेव्हा ते इतके हसले की त्यांना पाणी द्यावं लागलं. “हात नाही? मग लोक बघतात काय, जिना?”

“साहेब, कॅसेटही तशीच काढू या,” धाकटा म्हणाला. “वरचाच भाग ठेवून. परत कॉपी करायला तीन दिवस लागतील.”

“कव्हरवर हात छापलाय. बाजारात पोचलाय. तुझ्या मॅडमकडे सात दिवस, माझ्याकडे दुकानांत सात वर्षं. तुझं काय जातंय? नाव दोन्हीकडे तुझंच.” मग जरा मऊ होऊन म्हणाले, “आणि तुझे सात दिवस झाले की सोमवारी सहावा सुरू करू. नवा हात शिवायला टाकलाय. या वेळी दोन.”

शुक्रवारी बाराच्या खेळाला चौदा माणसं होती. त्यातली दोन ऊन चुकवायला आलेली, हे त्यांच्या झोपण्यावरून कळत होतं. तीनच्या खेळाला सव्वीस. चित्र आता एका जागी बसलेलं होतं, माझी गरज नव्हती, तरी मी गेले. धाकटा प्रत्येक खेळाला होता. शेवटच्या रांगेतून तो रोज दोन-तीन रांगा पुढे यायचा. शनिवारी जिनेवाली आली. बघून झाल्यावर बराच वेळ गाल चाचपत राहिली. “माझा चेहरा एवढा मोठा आहे, हे मला कधी कुणी बोललं नाही,” ती म्हणाली आणि बसथांब्याकडे गेली.

रविवारी भावजय आपल्या भावाला घेऊन आली, तो फरश्यावाला. एकसष्ट माणसं होती, त्यांच्यासकट. दिवे लागल्यावर फरश्यावाल्याने विचारलं, “भूत कुठे होतं?”

“तू गप बस रे दादा,” भावजय म्हणाली. तिचं नाक लाल झालं होतं. तिला मी आधीच्या दहा सिनेमांच्या कॅसेटी लावताना पाहिलंय, एकीकडे कपड्यांच्या घड्या घालत. हात दिसला की ती मान वर करायची. साहेबांचा हिशेब तिच्यावरून बरोबर निघाला असता. त्या दिवशी तिच्याजवळ घडी घालायला काही नव्हतं.

सोमवारपासून संख्या उतरत गेली, तशी ती उतरतेच. गुरुवारी शेवटच्या खेळाला आम्ही घरचे तिघं धरून अकरा जण होतो. धाकटा आता पहिल्या रांगेत पोचला होता, मान मागे टाकून. खेळ संपल्यावर झाडूवाली त्याच्या रांगेपाशी येऊन उभी राहिली तरी तो उठला नाही. मग उठला.

बाहेरच्या दालनात भावजयीने त्याला गाठलं. “हे बघा, मी शब्दाची पक्की आहे. थिएटरला लागला. सात दिवस लागला. आता दुकानाचं नाव मी काढणार नाही. दादाला सांगितलंय, खुर्ची दुसऱ्याला दे म्हणून.”

“नको देऊ म्हणावं,” धाकटा म्हणाला. “एक तारखेला येतो.”

तिला वाटलं तो चेष्टा करतोय. “आता? आता कशाला? इतकी वर्षं मी डोकं आपटत होते तेव्हा नाही आणि आता लोक बघतायत तर…”

“साहेबांनी सहावा सांगितलाय. दोन हात. दर चार मिनिटांनी.”

“मग सांगा त्यांना, मी माझ्या मनासारखा काढणार!”

“माझ्या मनासारखा मी कधी काढला?” त्याच्या आवाजात राग नव्हता, नुसता शीण होता. नऊ दिवसांचं काम संपल्यावर शेडमधून बाहेर येताना असतो तसला. “मी हातच काढला होता. ताईने मूठ फिरवली नाही, म्हणून हे झालं. मी खिडकीतून बघितलं तेव्हा मला कळलं की चांगला कसा असतो. कळलं एवढंच. काढता येईल असं नाही.”

“वन्सं, तुम्ही सांगा ना ह्यांना!”

सांगायला माझ्याकडे बरंच होतं. डबा उघडून जिनेवालीसमोर कोण गप्प बसलं होतं, ते सांगता आलं असतं. कुणाच्या एका प्रश्नावर ती बोलली, तेही. तारीख, वेळ, डब्याचं झाकण कुठे ठेवलं होतं इथपर्यंत. मी त्यातलं थोडं सांगितलंसुद्धा. त्याने ऐकून घेतलं, मान हलवली आणि म्हणाला, “सोमवारी तू जाणार ना सहाव्याला?”

“जाणार. मला काय, मी लिहिणारी.”

“जा. नव्या डायरेक्टरला सांभाळून घे. मला मागच्या आठवड्यापासून शेडचा दरवाजा दिसला की झोप येते.”

मॅडमनी बाहेर येऊन त्याचा हात हातात घेतला. ढकललेला मोठा सिनेमा उद्यापासून होता. त्याची माणसं चित्रं लावायला शिडी घेऊन आलीच होती, म्हणून आम्हाला दारातून बाजूला व्हावं लागलं.

चालतच निघालो. धाकटा पुढे, खिशात हात घालून. कोपऱ्यावर कॅसेटचं दुकान होतं. काचेत आमचा पाचवा भाग लावला होता, चार ओळी, प्रत्येक कव्हरवर तो हात, नखांचे रंग छापताना सगळे एकच झालेले. धाकटा थांबला नाही. त्याने बघितलंही नसावं. भावजय थांबली. मला वाटलं डोळे पुसायला थांबली असेल, तोवर ती आत गेली होती.

“हा ‘जिन्याखाली’ आहे ना, पाचवा,” तिने दुकानदाराला विचारलं, “यात हात नसलेला मिळेल का?”

“हात नसलेला?” तो हसला. “तसा येत नाही बाई.”

“येतो,” भावजय म्हणाली. “मी दोनदा बघितलाय.”

धाकटा तोवर पुढच्या चौकापर्यंत पोचला होता.